परंपरेचा दाखला : आशियाई हिप-हॉप आणि न ऐकणारी समीक्षा

१

काही काळापूर्वी एका संशोधन समितीच्या बैठकीस प्रस्तुत लेखक सदस्य म्हणून उपस्थित होता. मराठी रॅपच्या भाषेवर पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आराखडा समितीसमोर होता. पहिला आक्षेप अपेक्षेप्रमाणेच आला : हे साहित्य नव्हे, अमेरिकेतून आलेली करमणुकीची एक तऱ्हा आहे, विद्यार्थ्याने जनसंज्ञापन विभागाकडे जावे. दुसरा आक्षेप सहानुभूतीच्या स्वरात आला आणि तो अधिक घातक होता. विषय वाईट नाही, फक्त तो पोवाड्याच्या परंपरेशी जोडून घ्या, म्हणजे अडचण येणार नाही, असा सल्ला एका ज्येष्ठ सदस्यांनी दिला. विद्यार्थ्याने तो मानला. शीर्षकात ‘शाहिरी परंपरा’ हे शब्द आले. यमक आणि शब्दक्रम यांवरचे एक, व सर्वनामांवरचे दुसरे, अशी दोन प्रकरणे आराखड्यातून गळाली. आणि विषय मंजूर झाला. मंजुरीसाठी वर झालेल्या हातांत प्रस्तुत लेखकाचाही हात होता. हा लेख म्हणजे त्या हाताविरुद्ध उशिरा नोंदविलेला आक्षेप आहे.

वर उल्लेखिलेल्या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात. एक म्हणते, हे परके आहे म्हणून नको. दुसरी म्हणते, हे मुळात आपलेच आहे म्हणून चालेल. परंतु आराखड्यासोबत जोडलेली एकही रचना दोघांपैकी कोणी ऐकली नव्हती, आणि ऐकण्याची गरजही कोणाला वाटली नव्हती. कूळ कळले की गुण कळला, ही समजूत दोघांचीही आहे. लग्न जुळविताना ही समजूत आपल्या समाजाला किती महाग पडली हे आपण जाणतो. समीक्षेत मात्र ती अजून प्रतिष्ठितपणे नांदते. आशियाई हिप-हॉपविषयी आणि त्यातून व्यक्त होणाऱ्या सांस्कृतिक अस्मितेविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यातील बराच भाग या समजुतीचाच विस्तार आहे, असे माझे म्हणणे आहे. अस्मितेचा शोध कुळात घेण्याऐवजी, उसन्या लयीच्या दाबाखाली एखादी भाषा स्वतःचे काय करून घेते यात घ्यावयास हवा. तो शोध घेण्याची साधने भाषा आणि साहित्याच्या अभ्यासकाजवळ आहेत. ती वापरली जात नाहीत, ही या लेखाची तक्रार आहे.

२

प्रथम अनुकरणाच्या आरोपाचा विचार करू. सांस्कृतिक साम्राज्यवादाचा सिद्धान्त ज्यांनी मांडला त्यांच्यासमोर खऱ्या सत्ता होत्या, खरी बाजारपेठ होती, आणि आजही ती आहे. पण या सिद्धान्ताचा सुलभ अवतार असा की ब्रॉन्क्समधून निघालेली वस्तू टोकियोला किंवा धारावीला पोचली म्हणजे तेथील तरुण आपल्या संस्कृतीपासून तुटला. येथे दोन गोष्टींचा विसर पडतो. पहिली, ब्रॉन्क्सही ‘मूळ’ नव्हे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील ज्या मेजवानीपासून हिप-हॉपचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे, तेथे तबकड्या वाजविणारा डीजे कूल हर्क जमैकातील किंग्स्टन येथे जन्मला होता आणि बाराव्या वर्षी न्यूयॉर्कला आला होता. स्थलांतरितांच्या वस्तीत, दुसऱ्यांच्या तबकड्यांतील तुकडे पुन्हापुन्हा वाजवून जी कला जन्मली, तिच्या बाबतीत अस्सल आणि नक्कल ही विभागणी पहिल्या दिवसापासूनच निरर्थक आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. केशवसुतांनी १८९२ मध्ये मराठीत पहिले सुनीत लिहिले. माधव जूलियनांची ‘गज्जलांजली’ १९३३ मध्ये आली. इटलीहून इंग्रजीमार्गे आलेला चौदा ओळींचा बंध आणि फारसीतून आलेली गझल यांच्या मराठीपणाची चौकशी आज कोणी करीत नाही. ‘दलित पँथर’ने १९७२ मध्ये आपले नावच मुळी अमेरिकेतील काळ्या लोकांच्या संघटनेवरून घेतले. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ त्याच वर्षीचा. ‘गोलपिठा’ची भाषा कामाठीपुऱ्याची आहे की हार्लेमची, हा प्रश्न आज विचारला तर विचारणाराच हास्यास्पद ठरेल. नाव घेतले म्हणून भाषा गेली नाही. उलट भाषेला स्वतःच्या तळाशी उतरण्याचे धैर्य त्या नावाने दिले.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. होमी भाभा यांच्या ‘द लोकेशन ऑफ कल्चर’ (१९९४) नंतर संकर ही संकल्पना विद्यापीठीय चर्चेत रूढ झाली, आणि २००१ मध्ये टोनी मिचेल यांनी संपादिलेल्या ‘ग्लोबल नॉइज’ या ग्रंथाने अमेरिकेबाहेरील रॅप हा अभ्यासविषय म्हणून स्थिर केला. या अभ्यासाने अनुकरणाच्या आरोपाला उत्तर दिले, हे त्याचे श्रेय आहे. पण पुढे त्याचे सूत्र झाले. जागतिक आकृतिबंध अधिक स्थानिक आशय बरोबर संकरित अस्मिता, आणि संकरित म्हणजे प्रतिकार करणारी. या बेरजेत आकृतिबंध आणि आशय हे दोन वेगळे डबे आहेत : एक न्यूयॉर्कहून येतो, दुसरा गल्लीत भरला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने हे द्वैत केव्हाच निकालात काढावयास हवे होते. भाषेला जो बंध घातला जातो तो तिच्या वाक्यरचनेत शिरतो, शब्दांची निवड बदलतो, आणि म्हणून काय म्हणता येईल हेही बदलतो. इयान काँड्री यांनी ‘हिप-हॉप जपान’ (२००६) या पुस्तकात ‘गेन्बा’ हा जपानी शब्द मध्यवर्ती मानला आहे. गेन्बा म्हणजे गोष्ट प्रत्यक्ष घडते ती जागा. त्यांच्या दृष्टीने ती जागा म्हणजे रात्री गजबजणारे क्लब. मानववंशशास्त्रज्ञाला ते योग्यच आहे. साहित्यसमीक्षकाची गेन्बा मात्र ओळ ही आहे. तेथे आपण गेलोच नाही तर बाकी सारे ऐकीव ठरते.

३

म्हणून जपानी ओळीकडे जाऊ. वाका आणि हायकू यांची लय पाच आणि सात मात्रांच्या गटांवर चालते. अंत्ययमक हा जपानी पद्याचा आधार कधीच नव्हता. याचे कारण भाषेच्या घडणीत सापडते. स्वर पाचच, अक्षरे बहुधा स्वरान्त, वाक्य क्रियापदाने संपणारे आणि क्रियापदांची रूपे मोजक्या प्रत्ययांत बसणारी. अशा भाषेत यमक आपोआप जुळते, आणि आपोआप जुळते म्हणूनच ते कानाला जाणवत नाही. जे फुकट मिळते त्याला मोल उरत नाही.

जपानी साहित्यिकांनी ही अडचण ओलांडण्याचा प्रयत्न हिप-हॉपच्या पुष्कळ आधी करून पाहिला होता. तत्त्वज्ञ कुकी शूझो यांनी जपानी कवितेतील यमकावर दीर्घ निबंध लिहून त्याच्या शक्यतांची बाजू मांडली. १९४२ मध्ये काटो शुइची, नाकामुरा शिनइचिरो, फुकुनागा ताकेहिको प्रभृतींनी ‘मातिने पोएतिक’ या नावाने एकत्र येऊन फ्रेंच धर्तीची सयमक सुनीते जपानीत रचली. १९४८ मध्ये त्यांचा संग्रह निघाला. कवी मियोशी तात्सुजी यांनी त्यावर टीका केली. जपानी वाक्यरचना आणि ध्वनिव्यवस्था यमकाला अनुकूल नाही, हा तिचा गाभा होता. प्रयोग मागे पडला. श्रेष्ठ अभिरुचीच्या लेखी प्रश्न तेथे मिटला.

तो पुन्हा उघडला तो अभिजनांच्या बैठकीत नव्हे. १९८३ मध्ये ‘वाइल्ड स्टाइल’ हा चित्रपट आणि त्यातील कलावंत टोकियोत आले. योयोगी उद्यानात तरुण मुले रस्त्यावरचे नृत्य करू लागली. नृत्याला भाषेची अडचण नव्हती, रॅपला होती. कादंबरीकार म्हणूनही परिचित असलेले इतो सेइको यांनी १९८९ मधील ‘मेस/एज’ या संग्रहात जपानीतून रॅप रचण्याचा गंभीर प्रयत्न केला. १९९४ मध्ये ‘ईस्ट एंड × युरी’ या चमूचे ‘दा यो ने’ हे गीत आले आणि त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. ‘दा यो ने’ म्हणजे साधारणतः ‘हो ना, तसंच ना’. शीर्षकच मुळी वाक्याच्या शेवटी येणाऱ्या निपातांचे बनले आहे. म्हणजे जपानी भाषा जे फुकट देते तेच या गीताने घेतले. त्याचा उपहास पुष्कळ झाला. पण येथेही ऐकणाऱ्याला काही सापडते. पुढच्याच वर्षी ओसाकाच्या बोलीत ‘सो या ना’ आणि इतर शहरांच्या बोलींत त्याची भावंडे निघाली. वाक्याची शेपटी हेच जपानी बोलींच्या ओळखीचे ठिकाण आहे, हे एका बाजारू गीताने दाखवून दिले.

याच सुमारास दुसरा मार्गही तयार होत होता. ‘किंग गिदोरा’ या चमूचा ‘सोरा कारा नो चिकारा’ हा संग्रह १९९५ चा. ७ जुलै १९९६ रोजी टोकियोतील हिबिया येथील खुल्या रंगमंचावर भरलेल्या ‘सानपिन कॅम्प’ने या मार्गाच्या अनुयायांना एकत्र आणले. त्यांचे तांत्रिक उपाय नीट पाहावयास हवेत. क्रियापद ओळीच्या शेवटून हलवून तेथे नाम आणणे, वाक्य उलटविणे, चिनी मूळ असलेले आटोपशीर जोडशब्द यमकासाठी योजणे, एका अक्षराऐवजी चार-पाच मात्रांची स्वरमालिका जुळविणे, मधूनच इंग्रजी शब्दाचे टोक पकडणे. या उपायांपैकी ओळ नामावर थांबविणे याला जपानी काव्यशास्त्रात ‘ताइगेन-दोमे’ अशी जुनी संज्ञा आहे, आणि तेराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘शिन कोकिनशू’ या वाकासंग्रहाचे ते एक ठळक शैलीविशेष मानले जाते. यमक जुळविण्याला हे रॅपकार ‘इन ओ फुमु’, म्हणजे यमकावर पाऊल टाकणे, म्हणतात. तो वाक्प्रचारही चिनी पद्यरचनेच्या विद्वत्परंपरेतला आहे.

या रॅपकारांनी आम्ही शिन कोकिनशूचे वारस आहोत असे सिद्ध करण्यासाठी ताइगेन-दोमे वापरले नाही. आफ्रिकी-अमेरिकी इंग्रजीतून आलेल्या लयीने त्यांच्या वाक्याला धक्का दिला, क्रियापद अडचणीचे झाले, आणि वाक्य सावरताना हात जेथे टेकला तेथे परंपरा होती. गरजेतून सापडलेली परंपरा ती ही. समितीच्या मंजुरीसाठी जोडलेली परंपरा वेगळी. ती दाखला असते. दाखल्यावर नाव असते, काम नसते.

कोरियन भाषेचाही अनुभव याला पुष्टी देणारा आहे. तीही क्रियापदान्त, तिचीही वाक्ये ठरीव प्रत्ययांवर संपणारी. व्हर्बल जिंट या रॅपकाराने २००१ मधील ‘मॉडर्न राइम्स’ या संग्रहात अनेकाक्षरी यमके वाक्याच्या पोटात पसरवून जो मार्ग दाखविला, त्यावर तेथील नंतरची बरीच चर्चा उभी आहे. सेऊलच्या आणि टोकियोच्या रॅपकारांचा पोशाख एक, ताल एक. तरी प्रत्येकाचा झगडा आपापल्या वाक्याच्या शेवटाशी आहे. अस्मिता जर कोठे असेल तर ती या झगड्यात आहे.

४

दाखल्याची परंपरा राज्यकर्त्यांना किती सोयीची असते, हे पाहण्यासाठी चीनकडे वळावे लागेल. २०१७ च्या उन्हाळ्यात ‘चीनमध्ये हिप-हॉप आहे’ अशा अर्थाच्या नावाची एक स्पर्धा-मालिका तेथे प्रचंड लोकप्रिय झाली. तिच्या नावात ‘सीहा’ हे हिप-हॉपचे ध्वन्यनुकरण होते. जानेवारी २०१८ मध्ये प्रसारण-नियामकांनी हिप-हॉप संस्कृती आणि गोंदवलेले कलावंत पडद्यावर नकोत असे बजावल्याचे वृत्त आले. त्याच वर्षी मालिकेचे दुसरे पर्व आले ते ‘चीनचे नवे शुओचांग’ या नावाने. शुओचांग म्हणजे बोलणे-गाणे. कथनगायनाच्या जुन्या लोकप्रकारांचे हे नाव. रॅपसाठी तो शब्द चिनीत आधीपासून होता, हे खरे. परंतु परका शब्द पुसून त्या जागी परंपरेचा शब्द ठेवण्याचा हा क्रम बोलका आहे. ‘हे तर आपलेच’ या वाक्यात स्वीकार असतो तसा हुकूमही असू शकतो : आपले असेल तर आपल्यासारखे वाग. दुसरीकडे छंगदूच्या ‘हायर ब्रदर्स’सारखे चमू सिचुआनी बोलीत रॅप करीत होते. प्रमाण चिनीला प्राधान्य देणारा राष्ट्रीय कायदा २००१ पासून लागू असलेल्या देशात बोलीतून बोलणे ही गोष्ट साधी नाही. देशी कोणते, या प्रश्नाची दोन उत्तरे येथे समोरासमोर आहेत : एक राज्याने दिलेले जुने नाव, दुसरे तोंडात असलेली बोली. आपल्याकडील देशीयतेच्या कैवाऱ्यांनी यांपैकी कोणत्या बाजूला उभे राहायचे ते ठरवावे.

बोलण्यातील दाहकता एका सर्वनामात कशी साठते, हे थायलंडमध्ये दिसले. २०१४ च्या लष्करी उठावानंतरच्या राजवटीत, ऑक्टोबर २०१८ मध्ये, ‘रॅप अगेन्स्ट डिक्टेटरशिप’ या गटाने ‘प्रथेत कू मी’ हे गीत प्रसिद्ध केले. ‘माझ्या देशात हे आहे’ असा त्याचा भावार्थ. चित्रफितीत ६ ऑक्टोबर १९७६ च्या थम्मासात विद्यापीठातील हत्याकांडाची आठवण मांडली होती : झाडाला टांगलेले प्रेत आणि त्यावर खुर्चीचे प्रहार. पोलिसांनी कारवाईचे सूतोवाच केले. गीत कोट्यवधी वेळा पाहिले गेले. चर्चा झाली ती आशयाची. पण शीर्षकातील ‘कू’ हे सर्वनाम पाहा. थाई भाषेत ‘मी’ साठी अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकातून बोलणाऱ्याची पायरी ठरते. ‘कू’ हे आज असभ्य किंवा अगदी लंगोटीयारांपुरते सर्वनाम. देशाविषयी सार्वजनिकरीत्या बोलताना नागरिकाने नम्र सर्वनाम वापरायचे असते. हे गीत ते नाकारते. आणि गंमत अशी की १२९२ चा मानला जाणारा, राजा रामखामहेंगच्या नावाने ओळखला जाणारा जो शिलालेख थाई अस्मितेचा आद्य दस्तऐवज समजला जातो, त्यात राजा स्वतःसाठी हेच ‘कू’ योजतो. एकेकाळी राजाच्या तोंडी असलेला ‘मी’ काळाच्या ओघात रस्त्यावर आला, आणि रॅपच्या प्रथमपुरुषी आग्रहाने तो पुन्हा राज्यासमोर उभा केला. येथेही परंपरा गरजेतून सापडली. यानंतर शासनाने स्वतःचे एक रॅप गीत काढले. लय तीच होती, पण ‘कू’ म्हणण्याचा अधिकार शासनाला कोठून मिळणार?

५

आता घराकडे. मुंबईचे हिप-हॉप हेही आशियाई हिप-हॉपच आहे, आणि त्याचे प्रश्न टोकियो-बँकॉकपासून दूर नाहीत. ‘मेरे गली में’ हे डिव्हाइन आणि नेझी यांचे गीत २०१५ चे. झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ २०१९ चा. या दोहोंनी जगाला जी मुंबई ऐकविली ती हिंदीतली होती. त्यावर मराठी अस्मितेचा जो सूर लागला तो समजण्यासारखा असला तरी अपुरा होता. मुंबईची हिंदी मराठीच्या शेजारात वाढलेली आहे. क्रियापद एका भाषेचे आणि नाम दुसऱ्या भाषेचे, हा तेथील बोलण्याचा नित्यक्रम आहे. ‘स्वदेशी’ या चमूत एकाच तालावर मराठी, हिंदी, गुजराती येतात. त्यांच्या २०१९ मधील ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आरेच्या जंगलातील आदिवासींचा प्रश्न आहे आणि प्रकाश भोईर या आदिवासी कार्यकर्त्याचा आवाज आहे. भाषावार प्रांतरचनेच्या नकाशावर ही अस्मिता बसत नाही, म्हणून ती नाहीच असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नव्हे.

मराठी वाक्यही क्रियापदान्त आहे. आपल्याकडे ओवी-अभंगांनी यमक जोपासले, मोरोपंतांनी त्याला वैभवाच्या शिखरावर नेले, आणि मुक्तछंदानंतर गझलेचा अपवाद वगळता गंभीर कवितेने ते गीते, बालकविता आणि विडंबन यांच्याकडे सोपविले. ‘केले-गेले-नेले’ या फुकट यमकाची आपल्याला शिसारी आली होती, आणि ती रास्तच होती. मराठी रॅपचा पुष्कळसा भाग आजही याच फुकट यमकावर चालतो, हे स्पष्टपणे सांगावयास हवे. पण सगळा नाही. एप्रिल २०२३ मध्ये दोन मराठी रॅप रचनांवरून महाराष्ट्रात गुन्हे नोंदविले गेले : एक राज मुंगासे यांची, दुसरी उमेश खाडे यांची. दुसरीचे शीर्षक ‘भोंगळी केली जनता’. आशयाबद्दल बोलण्यापूर्वी ही तीन पदे वाचू. ‘जनता भोंगळी केली’ हा सरळ क्रम मोडून क्रियापद मध्ये घेतले आहे आणि ओळ नामावर आणून थांबविली आहे. जपानी रॅपकार वाक्याला जो झटका देतो तोच येथे मराठी वाक्याला बसला आहे, आणि तो कोणी जपानकडून शिकलेला नाही. ‘भोंगळी’ हा शब्दही पाहा. ‘नग्न’, ‘विवस्त्र’ यांपैकी कोणताही शब्द त्या जागी आला असता तर पोलीस ठाण्याची पायरी चढण्याइतके बळ त्या ओळीत आले असते काय? एका बोलीशब्दाचे सामर्थ्य शासनयंत्रणेच्या ध्यानात आले, मराठी विभागांच्या आले नाही.

आता पोवाड्याच्या दाखल्याविषयी. पोवाडा मुख्यतः दुसऱ्याचा पराक्रम सांगतो. त्याचा नायक तृतीयपुरुषी असतो, त्याला डफ-तुणतुण्याची आणि झीलकऱ्यांची साथ असते, शाहीर आपल्या नावाची मुद्रा उमटवतो ती बहुधा शेवटी. रॅपचा पुरुष प्रथम आहे. ‘मी कोण’ येथून तो सुरू होतो. मुंबईचा मुलगा ‘मी’ ऐवजी ‘आपण’ म्हणतो तेव्हा त्या सर्वनामात बढाई, सावधपणा आणि गल्लीचे अनेकवचन एकाच वेळी असते. यावर एक प्रकरण सहज लिहिता आले असते. ते आराखड्यातून गळालेल्या दोहोंपैकी एक होते. रॅप आणि शाहिरी यांची तुलना करू नये असे माझे म्हणणे नाही. आंबेडकरी जलशांपासून अण्णा भाऊ साठ्यांपर्यंतचा वारसा काही रॅपकार जाणीवपूर्वक घेतात, आणि तेथे तुलना अटळ आहे. पण तुलना भेदांसकट करायची असते. वंशावळ भेद झाकते. पोवाडा म्हणजेच आपला रॅप, या वाक्याने पोवाड्याचेही नुकसान होते, कारण त्याची स्वतःची रचनातत्त्वे या नव्या पाहुण्याच्या ओळखपत्रापुरती उरतात.

देशीयतेच्या मांडणीशी माझे येथे भांडण आहे असे कोणी समजू नये. नेमाड्यांच्या ‘साहित्यातील देशीयता’ या १९८३ मधील निबंधाने भाषा, भूमी आणि साहित्य यांच्या नात्याचा जो प्रश्न उभा केला तो आजही टाळता येत नाही. माझे भांडण आहे ते त्या मांडणीचा शिक्का बनविणाऱ्यांशी. भाषेशी असलेले नाते हाच निकष असेल तर तो भाषेलाच लावावा, वस्तूच्या जन्मस्थळाला नव्हे.

६

काही आक्षेपांचा विचार येथे करावयास हवा. रॅपमध्ये स्त्रियांविषयी हिणकसपणा आहे, जातीच्या आणि पैशाच्या बढाया आहेत, असे म्हटले जाते. आहेत. याच कारणासाठी मूल्यमापन करणारा वाचक तेथे हवा. समाजशास्त्रीय कुतूहलाने पाहणारा अभ्यासक सर्वच रचनांना सारखेच महत्त्व देतो. चांगले-वाईट ठरविण्याची जबाबदारी साहित्यसमीक्षेचीच आहे, आणि ‘हे साहित्य नव्हे’ असे म्हणून ती जबाबदारी झटकता येत नाही.

दुसरा आक्षेप बाजारपेठेचा. तो अधिक गंभीर आहे. तमिळ रॅपकार अरिवु यांच्या ‘एन्जॉय एन्जामी’ने २०२१ मध्ये मळ्यांत राबलेल्या भूमिहीन पूर्वजांची आठवण जगभर पोचविली, त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर त्या गाण्याच्या निमित्ताने इतरांची छायाचित्रे आली, अरिवु यांचे आले नाही, आणि पा. रंजित यांच्यासह अनेकांनी त्याचा निषेध केला. जागतिकीकरण ओळ उचलते आणि ओळ रचणारा वगळते. याला उत्तर म्हणून बाजाराला शिव्या देऊन भागणार नाही. ओळ कोणाची, तिच्यातले नवे काय, हे सांगू शकणारी समीक्षा असेल तरच वगळलेल्याचे नाव टिकते. ऋणाचाही प्रश्न येथेच आहे. हा बंध आफ्रिकी-अमेरिकी लोकांनी आपल्या हालअपेष्टांतून घडविला. आशियातल्या कोणीही ‘हे आमचेच होते’ म्हणणे ही त्या ऋणाची नाकबुली आहे. ऋण मान्य केल्याने अस्मिता उणावत नाही. दलित साहित्याने ते कधीच लपविले नाही.

तेव्हा मराठी विभागांनी करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. रॅपच्या संहिता काळजीपूर्वक लिहून काढाव्यात, त्यांची यमके, शब्दक्रम, सर्वनामे आणि बोलीरूपे तपासावीत, छंदःशास्त्राच्या तासाला त्या ओवी-अभंगांशेजारी भेदांसकट ठेवाव्यात, आणि वाईट असतील तेथे वाईट म्हणावे. एवढे केल्यावर मग जागतिकीकरण आणि अस्मिता यांविषयी जी विधाने करायची ती करावीत.

तो विद्यार्थी आता शाहिरी परंपरेवर टिपणे काढीत आहे. गळालेली दोन प्रकरणे त्याच्याजवळ अजून आहेत, असे तो सांगतो. पुढच्या बैठकीत ती परत आराखड्यात घ्यावीत असा ठराव प्रस्तुत लेखक मांडणार आहे. त्याआधी सदस्यांनी सोबत जोडलेल्या रचना एकदा ऐकाव्यात, एवढीच विनंती.